भूल उतरताना पेशंट घोरतोय, म्हणजे गाढ झोपलाय का?

होटगीरोडकर | १९ एप्रिल, रात्री १०:१२

मंडळी, गेल्या आठवड्यात आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून. वय ६४, बीपीची गोळी चालू. तासाभरात ऑपरेशन संपलं, डॉक्टरांनी बाहेर येऊन वाटीतले खडे दाखवले, सगळं व्यवस्थित झालंय म्हणाले. आम्ही खोलीत चादर अंथरून तयार. पण आई काही येईना. अर्धा तास, पाऊण तास, तास झाला. मामा दोनदा जाऊन दारावर थाप मारून आला. शेवटी मला एकट्याला दोन मिनिटं आत सोडलं.

आई ट्रॉलीवर उताणी होती, तोंड जरा उघडं, आणि चांगली घोरत होती. मला हायसं वाटलं. चार रात्री पोटदुखीनं डोळ्याला डोळा नव्हता, आता निवांत झोपलीय म्हटलं. तेवढ्यात पलीकडच्या पेशंटचं सलाईन बघत असलेल्या सिस्टरच्या कानावर तो आवाज गेला. हातातलं तसंच सोडून त्या आल्या, आईच्या दोन्ही कानांखाली जबड्याच्या कोपऱ्यांना बोटं लावली आणि जबडा पुढं उचलला. घोरणं तिथंच बंद. मग मावशींना हाक मारून दोघींनी आईला कुशीवर वळवलं आणि वरचा पाय गुडघ्यात दुमडून पुढं टेकवला. मला म्हणाल्या, "दादा, ही झोप नाही. जीभ मागं पडतीय त्यांची."

आई आता घरी आहे, ठणठणीत आहे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या तासाभरात आत नेमकं काय काय बघतात? आणि पेशंट खोलीत आल्यावर आपण काय बघायचं? आमच्याकडं एक काका म्हणत होते झोपूच देऊ नका, मामी म्हणत होती अजिबात उठवू नका. कुणाचं खरं?

---

रातपाळी | १९ एप्रिल, रात्री ११:४५

मी १७ वर्षं सिस्टर आहे, त्यातली ११ रिकव्हरीत, म्हणजे ऑपरेशननंतर भूल उतरेपर्यंत पेशंटला ठेवतात तिथं. ड्यूटीवरून आत्ताच आले, पण हे वाचून जेवायच्या आधी लिहायला बसले.

त्या सिस्टरनी केलं ते अगदी बरोबर. भुलेच्या औषधांनी जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडलेले असतात. माणूस उताणा असला की जीभ आपल्याच वजनानं मागं सरकते आणि हवेची वाट अरुंद होते. त्या फटीतून हवा जाताना आवाज येतो. नातेवाईक त्याला झोप म्हणतात, आमच्या कानाला तो 'वाट अर्धी बंद' असा ऐकू येतो. आणि नवीन मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते, घोरणारा पेशंट एकाएकी गप्प झाला तर बरं वाटून घेऊ नका, आधी तिकडं धावा. वाट पूर्ण बंद झाली की आवाज येतच नाही. छाती-पोट हलत राहतं, पण उलटसुलट: पोट वर येतं तेव्हा छाती आत ओढली जाते. नाकातोंडापुढं हात धरला तर वाफ लागत नाही. म्हणून माझा एक तळवा कायम पेशंटच्या छातीवर आणि दुसरा हात तोंडापुढं. ही सवय इतकी अंगात मुरलीय की घरी पोरं झोपलेली असली तरी हात आपोआप जातो.

पेशंट आमच्याकडं आला की पहिला पाव तास दर ५ मिनिटांनी आणि पुढं दर १५ मिनिटांनी नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन, शुद्ध किती, हे सगळं कागदावर जातं. पट्टी बघतो. नुसती वरून नाही, पाठीखाली हात घालून बघतो, कारण रक्त वर दिसत नाही, ओघळून खाली साचतं. ड्रेन, म्हणजे जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी, लावला असेल तर त्याच्या बाटलीवर खूण करून ठेवतो. लघवीची पिशवी बघतो. हातपाय गार पडलेत का बघतो.

आणि नावानं हाक मारतो. "डोळे उघडा" म्हटल्यावर डोळे तर बरेच जण उघडतात, त्यावर मी समाधान मानत नाही. "मावशी, डोकं उशीवरून उचला, मी पाच मोजते." पाच मोजेपर्यंत डोकं वर धरलं तर स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल बराच उतरलाय असं धरते. दोनलाच मान पडली तर भूलतज्ज्ञांना हाक मारते, पेशंटला हलवू देत नाही.

तुमच्या काका-मामीचं भांडण उद्या सोडवते. डाळ गार झाली.

---

कडकभाकरी | २० एप्रिल, सकाळी ७:०५

मला आजवर वाटायचं, आत गर्दी असते म्हणून पेशंट बाहेर यायला उशीर होतो. वडिलांच्या वेळी मीही दार वाजवलं होतं. यापुढं वाजवणार नाही.

---

पांढराकोट | २० एप्रिल, दुपारी २:३०

भूलतज्ज्ञ आहे. सिस्टरनी लिहिलंय त्यात एका गोष्टीची भर घालतो, कारण इथं शिकलेसवरलेले लोकही फसतात.

पेशंटला ऑक्सिजनचा मास्क लावलेला असतो आणि बोटावरचं यंत्र ९८, ९९ दाखवत असतं. नातेवाईक त्या आकड्याकडं बघून निर्धास्त होतात. पण मास्कमधून जास्तीचा ऑक्सिजन मिळत असताना श्वास मिनिटाला १६ वरून ८ वर आला तरी तो आकडा बराच वेळ खाली येत नाही. आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो, पेशंट आणखी गुंगतो, श्वास आणखी मंदावतो. आकडा पडायला लागतो तेव्हा वेळ थोडा उरलेला असतो. दुखू नये म्हणून मॉर्फिनच्या जातीचं औषध दिलेलं असेल तर हे जास्त घडतं. म्हणून पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजणारी सिस्टर मला कोणत्याही यंत्रापेक्षा मोलाची वाटते. पाव मिनिट मोजून चारनं गुणणारी नव्हे.

होटगीरोडकर, बाहेर कधी सोडायचं याची एक गुणपद्धत आहे. आल्ड्रेटे नावाच्या भूलतज्ज्ञानं १९७० साली मांडली. हातपाय हलवणं, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि रंग, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण. पुढं १९९५ मध्ये रंगाच्या जागी ऑक्सिजनचा आकडा आला. दहापैकी ९ झाले की वॉर्डात पाठवायला हरकत नाही असं साधारण धरतात. तुमच्या आईंना तासभर ठेवलं ते ७ किंवा ८ वर अडल्या असतील म्हणून. चांगलं केलं.

---

बाळीवेस | २० एप्रिल, संध्याकाळी ६:५०

डॉक्टर, सिस्टर, तुमचं सगळं पटतं. पण हे होतं कुठं? तीन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन एका छोट्या हॉस्पिटलात झालं. नाव लिहीत नाही. पूर्ण भूल दिली होती. तिथं रिकव्हरी नावाची खोलीच नव्हती. टेबलावरून थेट लिफ्ट, लिफ्टमधून वरच्या मजल्यावर. मजल्यावर सिस्टर एकच, आठ पेशंट. वॉर्डबॉय वडिलांना ठेवून गेला आणि आम्ही चौघं भोवती उभे. दहा मिनिटांनी धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, अण्णांचे ओठ जांभळे दिसतायत." मी म्हटलं, ट्यूबलाइटच्या उजेडानं दिसत असतील. तो ऐकला नाही, ओरडत जिन्यानं खाली गेला. डॉक्टर पळत आले, तोंडातून कसलीशी नळी घातली, फुगा दाबला. अण्णा वाचले.

भावानं बघितलं म्हणून वाचले. तो बाहेर फोनवर बोलत असता तर? पैसे आम्ही पूर्ण भरले होते. मग त्या पहिल्या अर्ध्या तासाला माणूस का नव्हता?

---

रातपाळी | २० एप्रिल, रात्री ११:३०

बाळीवेस, हे वाचून हात थांबले. अण्णा कसे आहेत आता?

तुमच्या प्रश्नाला माझ्याकडं गोड उत्तर नाही. पेशंट स्वतःची श्वासाची वाट स्वतः सांभाळायला लागेपर्यंत एका पेशंटला एक सिस्टर, आणि तिनं तिथून हलायचं नाही, हा नियम जगभर मानतात. आठ पेशंटना एक सिस्टर असेल तर तिच्या कामात कसूर नव्हे, तिला तिथं एकटीला उभं करणाऱ्याची ती कसूर आहे. वेगळी खोली नसली तरी चालेल. ऑपरेशन टेबलाशेजारी अर्धा तास ट्रॉली उभी करा, एक माणूस, एक ऑक्सिजन, एक सक्शन (घशातला कफ ओढून काढायचं यंत्र), बस. याला काही मोठा खर्च लागत नाही. ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांनी सरळ विचारावं, "भूल उतरेपर्यंत पेशंटजवळ कोण थांबणार?" विचारायला लाजू नका. मला कुणी असं विचारलं तर राग येत नाही, बरं वाटतं.

ओठांचा रंग बघितला, भावाला माझा नमस्कार सांगा. सावळ्या माणसाचा रंग चेहऱ्यावर लवकर कळत नाही. खालचा ओठ ओढून आतून बघायचा, जीभ बघायची. त्यासाठीच आम्ही नेलपेंट आणि लिपस्टिक काढून यायला सांगतो. लग्नसराईत मुली फार नाराज होतात.

---

बाळीवेस | २० एप्रिल, रात्री ११:४१

अण्णा मजेत आहेत. रोज पहाटे सिद्धेश्वर तलावाला फेरी मारून येतात. तुमचा नमस्कार भावाला कळवला.

---

वीणकर | २१ एप्रिल, सकाळी ९:२०

थोडं वेगळं विचारतो. मागच्या मे महिन्यात बायकोचं सिझेरियन झालं. बाहेर ४३ डिग्री, रस्त्यावर डांबर वितळतंय, आणि ही आतून आली ती थडथड उडत. दातावर दात. मला वाटलं ताप चढला. सिस्टरनी कपाळाला हात लावून सांगितलं, ताप नाही, भुलेची थंडी आहे. दोन ब्लँकेट घातली तरी थांबेना, मग मी घरून आणलेली आपली सोलापुरी चादर वर घातली आणि डोक्याला टॉवेल गुंडाळला. पंधरा-वीस मिनिटांत थांबलं. एवढ्या उन्हाळ्यात थंडी कशी वाजते?

---

पांढराकोट | २१ एप्रिल, दुपारी १:१५

भुलेनं, पाठीतल्या भुलेनंही, कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. पोटातली, छातीतली ऊब हातापायांत पसरते आणि तिथून निघून जाते. वर ऑपरेशन थिएटरातला एसी, उघडं पोट, खोलीच्या तापमानाचं सलाईन. बाहेरच्या ४३ डिग्रीचा आत काही उपयोग नसतो. थरथरणं दिसायला साधं वाटतं, पण त्यात शरीराला ऑक्सिजन दुप्पट-तिप्पट लागू शकतो. हृदयाचा पेशंट असेल तर त्याला ते झेपत नाही. डोकं झाकलंत ते छान केलंत. गरम हवेची ब्लँकेटं बऱ्याच ठिकाणी असतात, नसतील तर तुमची चादर आहेच. तरी थांबलं नाही तर इंजेक्शन असतं.

---

अक्कलकोटचीलेक | २१ एप्रिल, दुपारी ३:४०

चादर घाला, पण गरम पाण्याची पिशवी घालू नका, हे मला ओरडून सांगायचंय. माझ्या आत्याचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं, पाठीत भूल दिली होती. पाय गार लागतायत म्हणून मीच, माझ्या या हातांनी, घरून आणलेली रबरी पिशवी तिच्या पोटऱ्यांखाली ठेवली. तिला काही कळलंच नाही, पाय बधिर होते ना. तासाभरानं चादर काढली तर दोन्ही पोटऱ्यांवर फोड. ऑपरेशनचे टाके आठ दिवसांत निघाले, भाजलेलं भरायला दीड महिना गेला. आत्या कधी एक शब्द बोलली नाही. तिच्या पोटरीवरचा डाग मात्र अजून आहे.

---

रातपाळी | २१ एप्रिल, रात्री १०:५०

ताई, तुम्ही हे लिहिलंत त्यानं कुणाचे तरी पाय वाचतील. पाठीत भूल दिलेल्या पेशंटचे पाय पूर्ण हलायला लागून स्पर्श परत येईपर्यंत गरम काही लावायचं नाही, आणि टाचेखाली एकच जागा तासन्‌तास दबू द्यायची नाही. आम्ही दर थोड्या वेळानं "पायाची बोटं हलवा" म्हणतो आणि "लघवी झाली का" म्हणून दहा वेळा विचारतो, त्याचा कंटाळा करू नका. त्या भुलेत मूत्राशयही बधिर असतं. भरून फुगलं तरी पेशंटला कळत नाही.

आता काका-मामी. दोघंही थोडे थोडे बरोबर. खोलीत आलेल्या पेशंटला झोपू द्या, गालावर चापट्या मारून जागं ठेवायची गरज नाही. पण अधूनमधून नावानं हाक मारा. डोळे उघडून नीट उत्तर दिलं की पुन्हा झोपू द्या. हाक मारून, खांदा हलवूनही जाग येत नसेल, श्वास मिनिटाला १० च्या खाली असेल, घोरणं वाढत असेल, तर घंटा दाबत बसू नका, माणूस पाठवून सिस्टरला आणा.

आणि पाणी. एप्रिलमध्ये सगळ्यांचा जीव पाण्यासाठी कासावीस होतो, मला कळतं. पण गिळण्याचा आणि खोकल्याचा ताबा परत आल्याशिवाय दिलेलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. तोवर कापसाचा बोळा ओला करून ओठांवरून फिरवा. उलटी येतेय वाटलं की आधी कुशीवर वळवा, भांडं मागून शोधा.

---

चाळिशीपार | २२ एप्रिल, सकाळी ८:३०

उशीचं काय? पाठीतल्या भुलेनंतर २४ तास उशी नाही, मान उचलायची नाही, असं आमच्या घरात तीन पिढ्या चालत आलंय. माझ्या वेळी (मूळव्याध) मी पाळलं, मान इतकी आखडली की ऑपरेशनपेक्षा तीच जास्त दुखली. आणि या इंजेक्शननं जन्माची कंबर धरते म्हणतात ते खरं का?

---

पांढराकोट | २२ एप्रिल, दुपारी २:१०

सुईनं मणक्यातल्या पाण्याच्या पिशवीला बारीक भोक पडतं, त्यातून पाणी झिरपलं की डोकं दुखतं. उठून बसलं की ठणकतं, आडवं झालं की थांबतं, ही त्याची खूण. हे दुखणं ज्यांनी पहिल्यांदा नोंदवलं त्यांत ऑगस्ट बिअर हा जर्मन सर्जन होता. १८९८ मध्ये पाठीतल्या भुलेचे प्रयोग करताना त्यानं सहकाऱ्याकडून स्वतःच्याच पाठीत सुई टोचून घेतली आणि पुढं नऊ दिवस डोकेदुखी काढली. तेव्हाच्या सुया जाड होत्या. आता २५ ते २७ नंबरच्या, पेन्सिलीसारख्या टोकाच्या बारीक सुया वापरल्या की हा त्रास फार कमी होतो. आडवं झोपून राहिल्यानं डोकेदुखी टळत नाही, हे तपासून झालंय. झाल्यावर आडवं पडल्यानं आराम मिळतो, एवढंच. म्हणून मी माझ्या पेशंटना पातळ उशी देतो. दोन-तीन दिवसांनी तसं डोकं दुखलंच तर अंगावर काढू नका, भूलतज्ज्ञाला कळवा. पाणी, गोळ्या, आणि नाहीच थांबलं तर पेशंटचंच १५-२० मिली रक्त त्या जागी सोडून भोक बुजवता येतं.

टोचलेली जागा चार दिवस हुळहुळते. जन्माच्या कंबरदुखीचा त्या सुईशी संबंध सापडलेला नाही. बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीचं खापर मात्र दरवेळी आमच्यावरच फुटतं.

---

रातपाळी | २२ एप्रिल, रात्री ११:१५

डॉक्टर, उशीवर मी तुमच्याशी भांडणार नाही, पण वॉर्डात प्रत्येक सर्जनची वेगळी सूचना असते आणि शिव्या आम्ही खातो. तुम्ही मंडळी एकदा बसून ठरवा.

---

पांढराकोट | २२ एप्रिल, रात्री ११:३८

मान्य. खरंच मान्य.

---

तळ्याकाठी | २३ एप्रिल, संध्याकाळी ७:००

माझ्या सासूबाई, ७८ वर्षांच्या. सोलापूरच्या पूर्व भागात सारा जन्म गेला, आयुष्यभर विड्या वळल्या. घरात तेलुगू, बाहेर कामापुरतं मराठी. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. संध्याकाळी त्या कुणालाच ओळखेनात. सलाईन ओढायला लागल्या, कठड्यावरून पाय टाकायला लागल्या. सगळे मराठीत समजावतायत, "आजी, झोपा, आजी, हात लावू नका," आणि त्या आणखी बिथरतायत. हात बांधायची वेळ आली होती.

मग रात्रीची सिस्टर आली. ती आमच्याच भागातली, पद्मशाली, घरी तेलुगूच. तिनं आधी मला विचारलं, चष्मा कुठाय, कवळी कुठाय? दोन्ही माझ्या पर्समध्ये होती. तिनं चष्मा घातला, खोलीतला दिवा लावला, समोर उभी राहून हात हातात घेतला आणि म्हणाली, "अम्मा, ऑपरेशन अयिपोयिंदि." म्हणजे ऑपरेशन झालं. सासूबाईंनी तिच्याकडं टक लावून बघितलं. मग विचारलं, "अयिपोयिंदा?" (झालं?) आणि रडायला लागल्या. नंतर शांत झोपल्या.

मी सून असून २० वर्षांत चार वाक्यं तेलुगू शिकले नाही. आता शिकतेय.

---

रातपाळी | २३ एप्रिल, रात्री ११:५०

हे सोलापुरात काम करणाऱ्या प्रत्येक सिस्टरनं वाचावं. भूल उतरताना म्हाताऱ्या माणसाला लहानपणीची भाषाच आधी जवळची वाटते, असं मला तरी दिसत आलंय. मी तेलुगूत आणि कन्नडात प्रत्येकी पाच वाक्यं पाठ केलीयत: ऑपरेशन झालं, दुखतंय का, मोठा श्वास घ्या, हात लावू नका, तुमची मुलं बाहेर आहेत. अक्कलकोटकडच्या आज्जींना "आपरेशन मुगीतु, अव्वा" म्हटलं की चेहराच बदलतो. चष्मा, कवळी, कानाचं मशीन घरी ठेवू नका, पेशंटच्या नावाच्या डबीत घालून सोबत आणा. आणि गोंधळलेल्या पेशंटचा ऑक्सिजन आणि साखर आधी तपासायची, मग त्याला भ्रम म्हणायचं.

विडीचं आलंच आहे तर, मशेरी लावता, तंबाखू खाता, विडी-सिगारेट ओढता, हे भूलतज्ज्ञांपासून लपवू नका. बायका तर सुनेसमोर सांगतच नाहीत. ओढणाऱ्यांना भुलेसाठी घातलेली श्वासाची नळी काढताना खोकल्याची उबळ येते, कफ दाटतो, श्वासनळ्या आवळतात. आधी माहीत असलं की आम्ही तयारीत असतो.

---

कडकभाकरी | २४ एप्रिल, सकाळी ७:१०

आमच्या आज्जीनं शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न विचारला होता, "शेंगाचटणी कुणी संपवली बे?" सिस्टर म्हणाल्या, शुद्धीचे दोनपैकी दोन गुण!

---

नवीबाबा | २४ एप्रिल, दुपारी १२:२५

पोराचं (वय ६) टॉन्सिलचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. काय लक्षात ठेवू?

---

रातपाळी | २४ एप्रिल, रात्री १०:३०

भुलेतून उठताना मुलं कधी कधी खूप रडतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. दहा-वीस मिनिटांत निवळतं, घाबरू नका. आत बोलावलं तर जवळ घ्या, हळू आवाजात बोला.

आणि हे नीट वाचा. शांत झोपलंय आणि झोपेत घटाघट गिळतंय असं दिसलं, तर ते थुंकी गिळत नसेल. टॉन्सिलच्या जागेतून रक्त येतंय आणि पोर ते पोटात घेतंय असं समजून लगेच सांगा. बाहेर एक थेंब दिसत नाही. मी लहान मुलाच्या गळ्याकडं टॉर्च लावून बघत बसते ते याचसाठी. पाठीवर नाही, कुशीवर झोपवा.

---

होटगीरोडकर | १७ मे, रात्री ९:५५

धागा वर काढतोय. काल वडिलांचं हर्नियाचं झालं. यावेळी आधीच विचारलं होतं, भूल उतरेपर्यंत कोण थांबणार. भूलतज्ज्ञ म्हणाले, मी आणि सिस्टर. दार वाजवायला मामाला जाऊ दिलं नाही. दीड तासानं खोलीत आणलं. मशेरी नाही पण तपकीर ओढतात, तेही आधी सांगितलं होतं. चष्मा डबीत घालून नेला होता.

वडील गुंगीत होते, पण हाक मारली की "हं" म्हणायचे. काका आले आणि म्हणाले, झोपलाय वाटतं गाढ. मी वडिलांना कुशीवर ठेवलं होतं, छातीवर हात ठेवला आणि मोबाइलचं घड्याळ लावून मोजत होतो. तेवढ्यात सिस्टर आल्या. मला थांबवलं नाही, शेजारी उभ्या राहिल्या. मिनिट झालं तसं विचारलं, "किती?"

"चौदा."

त्यांनी माझा हात बाजूला करून स्वतःचा ठेवला, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत पूर्ण मिनिट मोजलं, आणि कागदावर १४ लिहिलं.